यंदाचं एक वर्ष राहू द्या

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"ताई, आमची रावेर तालुक्यात तीन एकर केळी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं आणि पाव तासात निम्म्याहून जास्त बाग आडवी झाली. घड कापणीला महिनाच राहिला होता. सोसायटीचं कर्ज आहे, माझे दागिने गहाण आहेत. आम्ही कॅथलिक आहोत. रोज संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातो. यंदा बागेसाठी तिथे नवस बोलले होते, आणि नेमकं असं झालं. जाऊबाई म्हणतात, घरात कुणाचं तरी पाप असणार. मला सारखा आठवतो तो बांधावरचा कडुनिंब. दोन वर्षांपूर्वी मुलीची फी भरायला आम्हीच तो तोडून विकला. यजमान आता चर्चला येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. पहाटे उठून पडलेल्या बागेत जाऊन बसतात. फादर प्रवचनात 'सृष्टीची काळजी घ्या' म्हणतात तेव्हा मला रडू येतं आणि रागही येतो. आमची काळजी कोण घेणार? हा देवाचा दंड आहे का? आता प्रार्थना करायची ती कशासाठी?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही देवाबद्दल विचारलंय, त्याकडे येतेच. पण आधी तुमच्या यजमानांबद्दल बोलते, कारण त्यात उशीर करून चालणार नाही.

जो माणूस बोलायचा बंद होतो आणि पहाटे एकटाच बागेत जाऊन बसतो, त्याला 'जाऊ द्या थोडे दिवस, सावरतील' म्हणून सोडू नका. फवारणीची औषधं घरात किंवा शेतातल्या खोलीत असतील तर आजच तिथून हलवा. दिराकडे, शेजाऱ्याकडे, कुठेही कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे घ्या. मग दोघंच असाल अशा वेळी सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?" असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची भीती खोटी आहे. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ते हो म्हणाले तर त्या दिवशी त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली मानस नावाची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता. डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास उणा पडला असं मनात आणू नका. वैद्याची गरज निरोग्यांना नसते, दुखणाइतांना असते, हे येशूनेच म्हटलंय.

माझ्या मामांची यावलकडे केळी होती. मी शाळेत असताना एका वादळात त्यांचीही बाग अशीच झोपली. मामी त्यांना रोज सांगायची, देवावर भरवसा ठेवा. आणि मामा रोज थोडे थोडे अजून गप्प होत गेले. मग एका सकाळी मामी काहीच बोलली नाही. फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधला, बागेत गेली, त्यांच्याशेजारी मोडलेल्या खोडावर बसली. दोघांनी भाकरी खाल्ली. मग तिने कोयता उचलला आणि समोरचं खोड कापायला घेतलं. केळीचा चीक तिच्या साडीवर उडाला. मामा म्हणाले, "साडी वाया गेली." दहा दिवसांत ते पहिल्यांदा बोलले होते. चिकाचा डाग काही केल्या जात नाही, तुम्हाला सांगायला नको. ती साडी मामीने पुढे कितीतरी वर्षं शेतात नेसली.

म्हणून सांगते, यजमानांना चर्चला चला म्हणून सध्या ओढू नका. पहाटे ते निघाले की तुम्ही मागोमाग चहा घेऊन जा. शेजारी बसा. उपदेश नको, प्रार्थनाही मोठ्याने नको.

आता दंडाचा प्रश्न. हा प्रश्न लोकांनी येशूपुढेही ठेवला होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ते अठरा जण यरुशलेममधल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. जाऊबाईंना हे वाचून दाखवा, भांडण म्हणून नव्हे, त्याही घाबरल्या असतील म्हणून. दुसऱ्याच्या पडलेल्या बागेत पाप शोधलं की आपली बाग सुरक्षित आहे असं वाटतं, माणसाचं मन असंच चालतं. पण देव आपला पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाडतो, हेही मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तुमच्या बांधाला लागून असलेली बाग वाचली असेल तर ती काही पुण्याईने वाचलेली नाही.

त्या बुरुजाच्या बोलण्यानंतर येशू लगेच जी गोष्ट सांगतो, ती मला आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्यासाठीच सांगितलेली वाटते. एकाच्या मळ्यात अंजिराचं झाड होतं. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणाला, तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणाला, मालक, यंदाचं एक वर्ष राहू द्या, मी याच्या भोवती खणतो, खत घालतो. गोष्ट तिथेच संपते. पुढच्या वर्षी अंजीर लागले की नाही हे येशू सांगतच नाही. देव दंड करतो का, या प्रश्नावर त्याने आपल्यापुढे उभा केला तो हातात कुदळ घेतलेला माळी, जो जीव वाचवायला एक वर्ष मागून घेतो. खत घालणं हीच त्याची विनवणी आहे.

नवसाचं म्हणाल, तर तुम्ही बाळ येशूपुढे हात जोडले यात काही चुकलं नाही. लेकरानं आईबापाकडे मागायचं नाही तर कुणाकडे? आपल्या चर्चच्या मिस्सा ग्रंथात, म्हणजे सामूहिक उपासनेच्या पुस्तकात, पेरणीच्या वेळची मिस्सा आहे, पावसासाठी आहे, वादळ शमावं म्हणून आहे, सुगीनंतरची आहे. मागणं चर्चनेच शिकवलंय. पण नवस म्हणजे सौदा नसतो, आणि फळ आलं नाही म्हणजे प्रार्थना तिकडे पोचलीच नाही असंही नसतं. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे. तो टळला नाही. त्याच्या प्रार्थनेत काही उणीव होती असं आपण म्हणतो का?

मग आता प्रार्थना कशी करायची? ओरडून करा, ताई. गोड शब्द जुळवत बसू नका. बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी नुसता विलाप आहेत. तेरावं स्तोत्र 'कोठवर, परमेश्वरा' असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, त्यात दिलाशाचा एकही शेवट नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. रोझरी चालू ठेवा, पण एखाद्या संध्याकाळी पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांचे पाचही भाग, म्हणायला त्राण नसेल तर एकच म्हणा. दुःखाच्या रहस्यांतलं पहिलं, बागेतली व्याकुळता. बाकीचा वेळ गप्प बसा, किंवा घरच्या बोलीत, तावडीत, देवाला जे विचारायचंय ते विचारा. देवघरापुढे पुस्तकी मराठीच चालते असं कुणी सांगितलं? तुमचा राग त्याला पेलतो.

आता त्या कडुनिंबाबद्दल.

पत्रात त्याच्याबद्दल तुम्ही एवढंच वाक्य लिहिलंय, पण मला वाटतं तुमची रात्रीची झोप त्यानेच उडवली आहे. एक झाड असतं तरी त्या वाऱ्यापुढे तीन एकर बाग उभी राहिली नसती. ते वादळ तुमच्या कुऱ्हाडीने आणलं नाही. जग तापतंय, पाऊसपाणी बिघडतंय, याला सगळे सारखे जबाबदार नाहीत. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ सालचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक हेच स्पष्ट म्हणतं: श्रीमंत देशांवर गरिबांचं पर्यावरणाचं कर्ज आहे, आणि किंमत मात्र आधी गरीब मोजतात. तेव्हा लेकीच्या फीसाठी एक झाड विकणाऱ्या बाईने जगाच्या तापमानाचं ओझं एकटीने डोक्यावर घेऊ नये.

तरीही झाड गेल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते मी पुसून टाकणार नाही. त्याच्या सावलीत तुमच्या सासूबाई बसल्या असतील, मजुरांनी डबे सोडले असतील. मन खात असेल तर पापनिवेदनात फादरांना सांगा. सृष्टीविरुद्ध केलेलं कृत्यही पाप असू शकतं, हे चर्च आज मोकळेपणाने बोलतं. सांगा, हलक्या व्हा, आणि मग त्या अपराधाला घरात कायमचा पाहुणा ठेवू नका.

फादरांच्या प्रवचनाचा राग येतो म्हणालात. तो राग मला समजतो. ज्याची बाग पडलीय त्याला 'झाडं लावा' सांगणं म्हणजे उपाशी माणसाला ताट धुवायला लावणं. पण लाउदातो सीचा सगळा सूर असा नाही. त्यात म्हटलंय की पर्यावरणाचं संकट एक आणि गरिबीचं दुसरं अशी दोन संकटं नाहीतच, एकच गुंतागुंतीचं संकट आहे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका. म्हणजे तुमचं सोसायटीचं कर्ज, यजमानांचं मौन, दरवर्षी खोल जाणारी बोअर, हे सगळं 'सृष्टीची काळजी' या शब्दांच्या आतलंच आहे. फादरांना हे तुम्हीच जाऊन सांगा. रागात सांगितलं तरी चालेल.

आणि त्यांना बागेत बोलवा. यजमान चर्चमध्ये येत नसतील तर चर्चने बागेत जावं. ही जुनी रीत आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिएन गावावर भूकंप आणि आगींची आपत्ती आली, तेव्हा तिथल्या मामर्टस नावाच्या बिशपांनी लोकांना घेऊन उपास आणि प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. पुढे हीच रीत युरोपभर शेतातून, शिवारातून पिकांसाठी प्रार्थना म्हणत फिरण्याची झाली. चर्चकडे शेताला आशीर्वाद देण्याचा विधी आहे. जुलै २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांच्या काळात सृष्टीच्या काळजीसाठी खास मिस्साही मिस्सा ग्रंथात आली. पडलेल्या खोडांमध्ये चार शेजारी उभे राहतील, हिंदू शेजारीही येतील, आपल्याकडे येतातच. यजमान लांब उभे राहिले तरी राहू द्या.

संत फ्रान्सिस असिसीकर यांचं एक सांगते. ज्या गीतावरून 'लाउदातो सी' या परिपत्रकाला नाव मिळालं ते सृष्टीचं गीत त्यांनी १२२५ च्या सुमारास रचलं. त्यात ते सूर्याला भाऊ म्हणतात, पाण्याला बहीण म्हणतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघालेल्या रावेर-भुसावळच्या माणसाला सूर्याला भाऊ म्हणणं सोपं नाही. पण ते रचताना फ्रान्सिस यांचे डोळे इतके दुखत होते की त्यांना उजेड सहन होत नव्हता. अंगात आजार होता, सान दामियानोच्या झोपडीत उंदीर अंगावरून पळत होते. ज्या सूर्याचा उजेड त्यांना सोसवत नव्हता, त्यालाच त्यांनी भाऊ म्हटलं. पुढच्याच वर्षी, १२२६ मध्ये, ते वारले. त्या गीतात लाडिकपणा नाही, म्हणून मला ते अडचणीच्या दिवसांत म्हणवतं.

शेतातलं थोडं. पंचनाम्याची प्रत आणि विमा कंपनीला दिलेल्या पूर्वसूचनेचा नंबर जपून ठेवा. फळपीक विम्यात वाऱ्याच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते. तुमच्याकडून राहिली असेल तरी तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या कागदांसाठी जाऊबाईंच्या घरातलं कुणी सोबत आलं तर बरं, एकट्याने खेटे घालून माणूस खचतो.

मग खोडं. मोडून पडलेलं झाड आणि मुळासकट उपटलेलं झाड यांत फरक करा. मोडलेल्याचा कंद जमिनीत शाबूत असतो, तिथे पील (कंदातून फुटणारा नवा कोंब) धरून खोडवा (त्याच बागेचं पुढचं पीक) घेता येईल का हे पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारा. ज्यांच्या पानांवर सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाचे पिवळे पट्टे होते ती मात्र उपटून नष्टच करा, तिथे माया नको. बाकीची खोडं नाल्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नका. केळीचं खोड म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पालाश भरपूर. बारीक तुकडे करून सरीत पसरलं की ते तिथेच कुजतं, जमीन झाकते, पुढच्या पिकाचं पाणी वाचवतं. अंजिराच्या त्या माळ्याचं खत आपल्याकडे आयतंच पडलंय. पुढच्या लागवडीत कडेने शेवरी किंवा गजराज गवताची वाराप्रतिबंधक रांग धरा, यजमानांना हे माहीत असेलच.

बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला. आपण शेतकरी माणसं मशागतीत कमी पडत नाही. राखण हा शब्दही आपलाच आहे, रात्री बागेची राखण करतो तो. आणि राखण एकट्याची नसते. आपल्याच खानदेशात, धुळ्याकडे पांझरा नदीवर, फडाची पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बांध, पाटाचं पाणी सगळ्यांचं, आणि एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका मोठ्या पट्ट्यात, सगळे एकच पीक घेत. पाणी कमी पडलं की काही फड कोरडे ठेवत, पण जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्याने तूट एकाच्याच माथी बसत नसे. साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या आदिवासी भावांनी एकजुटीने उजाड जंगल पुन्हा उभं केलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते लोक आपल्या धर्माचे नाहीत. राखण मात्र त्यांनी केली, आणि ती देवाच्या मळ्याचीच होती असं मी मानते. तुमच्या गावात निदान चार केळीवाली घरं मिळून पाण्याच्या पाळ्या, मजुरी, कागदपत्रं यांचं काही एकत्र ठरवू शकलात तर तुमच्यावरचा भार खरोखर कमी होईल. महिला मंडळात विषय काढा, पुरुषांची वाट बघू नका.

संत फ्रान्सिस आपल्या मठाच्या बागेचा एक कोपरा मुद्दाम मोकळा सोडायला सांगत. तिथे काही लावायचं नाही, रानफुलं आणि रानगवत आपसूक उगवू द्यायचं. बांधावर कडुनिंब होता ती जागा तशीच सोडा. तिथे केळीची जादा रांग धरू नका.

आणि एक घाई आहे. निंबोळ्या आत्ता पिकून गळतायत. निंबोळी साठवून ठेवता येत नाही, दोन-तीन आठवड्यांत तिची उगवायची ताकद जाते. तेव्हा हे वाचलंत की मुलीला घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या कडुनिंबाखाली जा, पिवळ्या निंबोळ्या वेचा, साल काढून धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच मातीच्या पिशव्यांत लावा. पाच-सहा पिशव्या पुरे. पाणी घालायचं काम यजमानांना सांगा, ते पहाटे उठतातच.